ऐंशी जखमी आणि एक मूल : गावातलं स्मारक संशोधनासाठी कसं वाचायचं?

एखादी गोष्ट पक्की असली की आपण तिला 'काळ्या दगडावरची रेघ' म्हणतो. संशोधनाच्या तयारीला लागलात की हा वाक्प्रचार जरा बाजूला ठेवा. दगडावर कोरलेला मजकूर सहज पुसला जात नाही, एवढंच खरं. तो पूर्ण असेलच असं नाही. तो कुणीतरी, कधीतरी, काहीतरी ठरवून कोरलेला असतो. काय लिहायचं हे जसं तिथे ठरतं, तसं काय गाळायचं हेही ठरतं.

रिसर्च मेथडॉलॉजीच्या तासाला आपल्याला प्राथमिक साधन आणि दुय्यम साधन यांतला फरक शिकवतात. पत्र, डायरी, सरकारी नोंद ही प्राथमिक. त्यावरून नंतर लिहिलेलं पुस्तक हे दुय्यम. मग गावातलं स्मारक कुठल्या रकान्यात टाकायचं? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आजच्या लेखात आपण याच एका प्रश्नाचा पाठपुरावा करू.

उदाहरणं मुद्दाम लांबची घेतली आहेत : फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातली तीन छोटी गावं. विषय आहे दुसऱ्या महायुद्धात तिथे विमानातून उतरलेले पॅराट्रूपर आणि त्यांच्यासोबतचे मेडिक. शेवटी कोरियामार्गे आपण आपल्या गावाच्या वेशीपर्यंत येणार आहोत. माझं एम.एस्सी. रसायनशास्त्रात झालंय आणि आता काम वैद्यकाच्या इतिहासावर चालू आहे. त्यामुळे मध्येच प्रयोगशाळेची भाषा डोकावली तर सांभाळून घ्या.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात

५ जून १९४४च्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे ६ जून उजाडण्याआधी, सुमारे १३,००० अमेरिकी पॅराट्रूपर नॉर्मंडीत उतरले. समुद्रकिनाऱ्यावर सकाळी मोठं सैन्य उतरणार होतं. त्याच्या मागचे रस्ते, पूल आणि गावं आधीच ताब्यात घेणं हे या लोकांचं काम. पण ढग होते, खालून विमानविरोधी तोफांचा मारा होता, विमानांची रांग मोडली. ठरलेल्या जागी उतरले ते थोडेच. बाकीचे शेतात, कुंपणाच्या झाडीत, पाणी भरलेल्या दलदलीत विखुरले.

या सैनिकांसोबत मेडिकही उडी मारत होते. मेडिक म्हणजे डॉक्टर नव्हे. जखमीला पहिला उपचार देऊन जिवंत ठेवण्याचं प्रशिक्षण घेतलेला हा सैनिक. दंडावर रेड क्रॉसची पट्टी, हातात बंदूक नाही. एरवी युद्धात मेडिकच्या मागे एक साखळी असते : स्ट्रेचर, रुग्णवाहिका, मग तंबूतलं रुग्णालय. पॅराट्रूपरसोबत उतरलेल्या मेडिकच्या मागे सुरुवातीला यातलं काहीच नसतं. अंगावर बांधून आणलेलं सामान हेच त्याचं रुग्णालय : पट्ट्या, मॉर्फिनच्या छोट्या ट्यूब, जखमेवर टाकायची सल्फा पावडर.

त्या काळातली आणखी एक मोलाची वस्तू म्हणजे वाळवलेला प्लाझ्मा. रक्तातल्या पेशी वेगळ्या काढून उरलेला द्रव वाळवून त्याची भुकटी करत. एका बाटलीत भुकटी, दुसरीत शुद्ध पाणी. गरजेच्या वेळी दोन्ही एकत्र करून शिरेतून द्यायचं. फ्रिज लागत नाही, रक्तगट जुळवत बसावं लागत नाही. रक्तस्राव झालेला माणूस शॉकमध्ये जाऊ नये म्हणून हा उपाय. रणांगणावर पोहोचवता येईल असं हे विज्ञान होतं. पुढची गोष्ट वाचताना ते डोळ्यासमोर असू द्या.

पहिलं गाव : आँगोविल

आँगोविल-ओ-प्लँ हे कारांताँ या शहराजवळचं अगदी लहान गाव. एक जुनं दगडी चर्च, आजूबाजूला शेतं. आता ते स्वतंत्र ग्रामपंचायत म्हणूनही उरलेलं नाही. २०१६ मध्ये कारांताँसोबत एका मोठ्या पंचायतीत विलीन झालं.

६ जूनच्या पहाटे १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या ५०१व्या पॅराशूट इन्फंट्री रेजिमेंटचे दोन मेडिक, रॉबर्ट राइट आणि केनेथ मूर, यांनी या चर्चमध्ये उपचार केंद्र उघडलं. दोघांचं वय विशीच्या आसपास. म्हणजे तुमच्यापैकी जे पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहेत, साधारण त्यांच्याएवढे. चर्चमधली लाकडी बाकं हेच पलंग. जखमींना त्यावर झोपवायचं आणि हातात आहे तेवढ्या सामानात जगवायचं.

लढाई गावाभोवतीच चालू होती. गाव कधी अमेरिकनांच्या हातात, कधी जर्मनांच्या. अमेरिकी सैनिकांना माघार घ्यावी लागली तेव्हा दोघे मेडिक जखमींसोबत चर्चमध्येच थांबले. मग जर्मन सैनिक दारात आले. आत त्यांना दिसलं की बाकांवर अमेरिकन आहेत तसे जर्मन जखमीही आहेत आणि दोघांवर सारखेच उपचार चालू आहेत. जर्मन अधिकाऱ्याने केंद्र चालू राहू दिलं. चर्चवर रेड क्रॉसची खूण लागली. आत एकच नियम होता : शस्त्रं बाहेर ठेवायची. मधल्या काळात एक तोफगोळा छप्पर फोडून आत आला, जमिनीवर आपटला आणि फुटला नाही. फरशीवरची ती खूण आजही दाखवतात.

आता चर्चबाहेरच्या स्मारकशिळेकडे या. तिच्यावर राइट आणि मूर यांची नावं आहेत आणि त्यांनी या चर्चमध्ये ८० लढणाऱ्यांना आणि एका मुलाला दिलेल्या जीवनदायी सेवेची कृतज्ञ नोंद आहे.

थांबा, इथे शब्द नीट बघा. '८० अमेरिकन' असं लिहिलेलं नाही. 'आपले ८० जवान' असंही नाही. 'लढणारे' असा शब्द आहे. म्हणजे त्या ऐंशीत दोन्ही बाजूंचे सैनिक एकाच आकड्यात मोजले आहेत. या गावाने जर्मन फौजांचा ताबा सोसला होता. तरीही शिळेवर वेगळे रकाने केले नाहीत : इतके मित्र, इतके शत्रू. उपचार करताना त्या दोघांनी जो फरक केला नाही, तो शिळेनेही केला नाही.

आणि मुलाचा उल्लेख वेगळा आहे. ते मूल कुणाच्या सैन्यात नव्हतं. त्याला ऐंशीत मिसळून ८१ करता आलं असतं. तसं केलं नाही.

संशोधक म्हणून आपल्याला इथे दोन गोष्टी मिळतात. पहिली माहिती : साधारण किती लोकांवर उपचार झाले. दुसरी त्याहून महत्त्वाची : स्मारक उभारणाऱ्यांना काय महत्त्वाचं वाटलं. पहिली गोष्ट आपल्याला दुसऱ्या कागदपत्रांशी ताडून बघावी लागते. दुसरीसाठी शिळा स्वतःच पुरावा आहे.

लेखाच्या सुरुवातीचा प्रश्न इथे सुटायला लागतो. स्मारक हे ज्या घटनेबद्दल बोलतं, तिच्यासाठी ते दुय्यम साधन. पण ज्या काळात ते उभारलं, त्या काळातली माणसं काय लक्षात ठेवू पाहत होती, यासाठी ते प्राथमिक साधन. एकाच दगडाचे दोन काळ असतात. पहिल्या काळाबद्दलचं उत्तर त्याला सरळ विचारून मिळत नाही. दुसऱ्या काळाबद्दलचं मिळतं.

डाग काय सांगतो?

आँगोविलच्या चर्चमध्ये आणखी एक साधन आहे, न कोरलेलं. काही बाकांच्या लाकडावर रक्ताचे डाग राहिले आहेत. लाकूड सच्छिद्र असतं, रक्त त्यात मुरतं. हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं ऑक्सिडेशन होतं, लाल रंग जाऊन तपकिरी-काळपट होतो आणि प्रथिनं धाग्यांना धरून बसतात. घासून वरचा थर निघेल, आतला राहतो. ती बाकं टाकून देता आली असती किंवा रंधा मारून कोरी करता आली असती. तसं केलं नाही, हीसुद्धा गावाने केलेली निवड.

पण पुरावा म्हणून डाग किती बोलतो? इथे रक्त सांडलं, एवढंच. नुसत्या डोळ्यांनी पाहून कुणाचं, हे तो सांगत नाही. अमेरिकन की जर्मन, वाचलेल्याचं की गेलेल्याचं, कळायला मार्ग नाही. शिळेने जो भेद मुद्दाम केला नाही, तो डागाला करताच येत नाही.

विज्ञानातून इतिहासाकडे आलेल्यांना एक मोह होतो : वस्तू खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, म्हणून वस्तू श्रेष्ठ. असं नसतं. वस्तू खोटं बोलत नाही, पण बहुतेक वेळा ती बोलतच नाही. तिला बोलतं करायला साक्ष लागते. राइट आणि मूर दोघेही दीर्घायुषी ठरले आणि त्यांनी आठवणी सांगितल्या, म्हणून त्या डागाला अर्थ आला. राइट २०१३ मध्ये वारले. त्यांच्या अस्थी याच चर्चच्या आवारात पुरल्या आहेत. वर एक साधा दगड आणि त्यावर फक्त तीन आद्याक्षरं. पुढच्याच वर्षी मूरही गेले.

चर्चच्या खिडक्यांना आता रंगीत काचा आहेत. त्यांतून पॅराट्रूपर आणि दोघा मेडिकची आठवण जपली आहे. म्हणजे आत उभं राहिलात तर तुम्हाला एकाच वेळी वेगवेगळ्या काळांतली साधनं दिसतात : मध्ययुगीन भिंत, १९४४ चा डाग, आणि त्या डागाबद्दल पुढच्या पिढ्यांनी काय म्हटलं ते सांगणारी काच. यांना एकाच 'पुराव्यात' कोंबू नका. प्रत्येकाची तारीख वेगळी मांडा.

जाता जाता एक सापळा. हे चर्च संत कॉस्मस आणि संत डॅमियन यांच्या नावाने आहे, आणि ख्रिस्ती परंपरेत हे दोघे वैद्यांचे आणि शल्यविशारदांचे संत मानले जातात. किती सुंदर योगायोग! पण योगायोगच. चर्चचं नाव शेकडो वर्षं जुनं. मेडिक तिथे गेले कारण ती जवळची, भक्कम, मोठी इमारत होती. लेखात हा तपशील जरूर द्या, पण कारण म्हणून नको. परीक्षक तिथेच पेन ठेवतात.

दुसरं गाव : ग्रेन्य

आँगोविलवरच थांबलो तर आपला निष्कर्ष काय निघेल? 'रेड क्रॉसची खूण असली की शत्रूही मान राखतो.' मनाला बरं वाटणारा निष्कर्ष आहे. आता आँगोविलपासून सरळ रेषेत १२-१३ किलोमीटर दक्षिणेला जाऊ.

ग्रेन्य हे दलदलीच्या काठावरचं गाव. ६ जूनच्या रात्री ८२व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या ५०७व्या रेजिमेंटचे बरेच पॅराट्रूपर चुकून इथे उतरले, ठरलेल्या जागेपासून कित्येक किलोमीटर दूर. हळूहळू गावात सुमारे १८० जण जमले. गावकऱ्यांनी बैठक घेतली आणि धोका माहीत असूनही त्यांना मदत करायचं ठरवलं. दलदलीत पडलेला दारूगोळा नावांतून गोळा करून आणला. एवढ्या माणसांना रोज जेवू घातलं. आजूबाजूला जर्मन असताना अन्न जमवणं म्हणजे काय, याचा अंदाज करा.

११ जूनला, रविवारी, चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना हल्ला झाला. चर्चच उपचार केंद्र झालं. बटालियनचे डॉक्टर होते कॅप्टन अब्राहम सोफियन. रात्री बचाव कोसळला, दारूगोळा संपला, ज्यांना जमलं ते अंधारात निसटले. सोफियन जखमींसोबत थांबले. बरोबर आँगोविलसारखंच. पण इथे आत आले ते १७व्या एसएस डिव्हिजनचे सैनिक. त्यांनी जखमींना मारलं, डॉक्टर सोफियन यांना मारलं. गावच्या धर्मगुरूंना आणि त्यांच्या सहकारी धर्मगुरूंनाही गोळ्या घातल्या. मग गाव जाळलं. निसटलेल्यांपैकी २१ पॅराट्रूपरना एका शेतकरी कुटुंबाने आपल्या कोठारात लपवलं आणि नावेने कारांताँच्या दिशेने काढून दिलं.

जखमी आणि वैद्यकीय सेवक यांना संरक्षण देणारा १९२९ चा जिनिव्हा करार दोन्ही ठिकाणी लागू होता. अमेरिका आणि जर्मनी दोन्ही देश त्याला बांधील होते. आठवडा तोच, जिल्हा तोच, इमारतीचा प्रकार तोच. निकाल उलटा. म्हणजे 'करार होता म्हणून वाचले' हे स्पष्टीकरण अपुरं आहे. समोर कुठली तुकडी आली, अधिकारी कोण होता, आधी किती नुकसान झालं होतं, आत त्यांचे स्वतःचे जखमी होते की नव्हते, हे सगळं बघावं लागेल. प्रयोगात एकाच वाचनावर आपण निष्कर्ष काढत नाही. इतिहासातही एका चर्चवर काढू नये.

इथे 'सर्व्हायव्हरशिप बायस' ही संकल्पना लक्षात घ्या. साधा अर्थ : जे टिकलं तेच आपल्याला दिसतं, आणि त्यावरूनच आपण सगळ्याचा अंदाज बांधतो. आँगोविलचे मेडिक वाचले, म्हातारे झाले, परत गावात आले, बोलले. सोफियन बोलू शकले नाहीत. म्हणून मेडिकच्या कहाण्या गोळा करायला निघालात तर आँगोविलसारख्या कहाण्या जास्त सापडणार. त्या जास्त घडल्या म्हणून नव्हे. सांगणारा उरला म्हणून.

ग्रेन्यने हा असमतोल आपल्या परीने भरून काढला आहे. उद्ध्वस्त चर्च त्यांनी पुन्हा पूर्वीसारखं बांधलं नाही. भग्न मनोरा तसाच ठेवला आणि त्यालाच स्मारक केलं. तिथल्या फलकांवर अमेरिकी सैनिकांची नावं आहेत आणि गावकऱ्यांचीही. सैनिकी नोंदीत गावकरी सहसा 'स्थानिकांनी सहकार्य केले' एवढ्या एका वाक्यात उरकले जातात. त्यांच्या धाडसाची अमेरिकी सरकारकडून अधिकृत दखल घेतली गेली तीसुद्धा १९८६ मध्ये, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. गावाच्या दगडावर मात्र ते नावानिशी आहेत.

स्थानिक स्मारकाचं संशोधनातलं मोल इथे दिसतं. राजधानीतलं मोठं स्मारक सैन्याची आठवण ठेवतं. गावातलं स्मारक त्या सैन्याला भाकरी कुणी दिली हेही आठवतं.

तिसरं गाव, पटकन : सँत-मेर-एग्लीझ

हे तिघांत सगळ्यात प्रसिद्ध. इथे जॉन स्टील नावाच्या पॅराट्रूपरची छत्री चर्चच्या मनोऱ्याला अडकली. तो मेल्याचं सोंग करून सुमारे दोन तास लटकत राहिला, पकडला गेला, पुढे निसटला. 'द लाँगेस्ट डे' या १९६२ च्या सिनेमामुळे ही गोष्ट जगभर पोहोचली. आज त्या चर्चवर छत्रीला लटकलेला सैनिकाचा पुतळा आहे आणि पर्यटक त्याचे फोटो काढतात.

गंमत अशी की पुतळा चौकाच्या बाजूला आहे; स्टील अडकला होता तो मनोऱ्याच्या दुसऱ्या बाजूला. चौकातून दिसावा म्हणून जागा बदलली. यात फसवणूक शोधू नका, पण 'पुतळा इथे आहे म्हणजे घटना इथेच घडली' असंही लिहू नका. स्मारकाची जागा घटनेइतकीच बघणाऱ्याच्या सोयीने ठरते. त्याच चर्चमध्ये मुख्य दारावरच्या रंगीत काचेत मेरीमातेभोवती पॅराट्रूपर उतरताना दाखवले आहेत. ते चित्र गावातल्याच एका किशोरवयीन मुलाने काढलेल्या आराखड्यावरून केलं. माझ्या मते ती काच पुतळ्यापेक्षा जास्त बोलते. त्या रात्री आकाशात काय दिसलं, याची ती गावाच्या आतून आलेली नोंद आहे.

मेडिक आणि पॅराट्रूपर एकच असतो तेव्हा

आतापर्यंतच्या गोष्टीत भारतीय कुठेच नाहीत, असं तुमच्या मनात आलं असेल. तर ही नोंद : उडी मारणाऱ्या पहिल्या भारतीय सैनिकांत एक डॉक्टर होता. १९४१ मध्ये भारतीय पॅराशूट दलाची उभारणी चालू असताना लेफ्टनंट ए. जी. रंगराज आणि हवालदार मेजर मथुरा सिंग यांनी पहिल्या उड्या मारल्या. रंगराज हे १५२व्या भारतीय पॅराशूट बटालियनचे वैद्यकीय अधिकारी.

हीच बटालियन ज्या ५०व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडमध्ये होती, ती ब्रिगेड मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाक इथे जपानी सैन्याशी लढली. आकाशातून उडी न मारता, पायदळ म्हणून. तिच्यासोबत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियनही होती. आणि तिथेही लढाईचा केंद्रबिंदू टेकडीवरचं एक चर्चच होतं. नॉर्मंडीच्या अडीच महिने आधी. मराठीत या विषयावर काम करायचं असेल तर इथे बरीच जागा आहे.

रंगराज पुढे ६०व्या पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्सचे प्रमुख झाले. ही तुकडी नोव्हेंबर १९५० मध्ये कोरियात पोहोचली. भारताने तिथे लढणारं सैन्य पाठवलं नाही, वैद्यकीय तुकडी पाठवली. डिसेंबरमध्ये प्याँगयाँगमधून माघार घेताना उपकरणं मागे टाकायची वेळ आली, तेव्हा या लोकांनी एक रेल्वे इंजिन आणि डबे शोधले, इंधन-पाणी जमवलं आणि सगळं सामान घेऊन दक्षिणेला आले. २३ मार्च १९५१ ला मुनसानजवळ अमेरिकी पॅराट्रूपरची मोठी उडी झाली, तिच्यात रंगराज यांच्यासह १२ भारतीय होते. उतरल्याबरोबर उपचार केंद्र उभं केलं. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं.

त्यांचं स्मारक कुठे? बुसान शहरात तेजोंगदे इथे, समुद्राजवळ, कोरियन युद्धात वैद्यकीय मदत करणाऱ्या देशांचं एक स्मारक १९७६ मध्ये उभारलं. त्यात पाच देश आहेत : भारत, स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे, इटली. आता गंमत बघा. २०१८ मध्ये दक्षिण कोरियाने जर्मनीलाही या यादीत घेतलं. युद्धविरामानंतर बुसानमध्ये जर्मनीने रुग्णालय चालवलं होतं, पण 'युद्धकाळातली मदत' या व्याख्येत ते आधी बसत नव्हतं. व्याख्या बदलली आणि पाचचे सहा झाले. १९५० च्या दशकात काय घडलं ते तसंच राहिलं. बदललं ते २०१८ मधल्या लोकांचं मोजमाप. म्हणून स्मारकावरचा आकडा उद्धृत करताना स्मारकाची तारीखही लिहायची.

आता आपल्या वेशीवर

महाराष्ट्रातल्या अनेक गावांत, विशेषतः सातारा आणि कोकणाकडे, पहिल्या महायुद्धाचे संगमरवरी फलक आहेत. चावडीवर, शाळेच्या भिंतीत, कधी देवळाजवळ. मजकूर साधारण सारखाच : या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे आणि गावाचं नाव. माणसाचं नाव एकही नाही.

आँगोविलच्या शिळेशी तुलना करा. तिथे उपचार मिळालेल्यांचा आकडा आहे आणि उपचार करणाऱ्यांची नावं आहेत. इथे फक्त गेलेल्यांचा आकडा आहे. त्या आकड्यात बंदूक घेऊन गेलेले किती आणि स्ट्रेचर उचलणारे, खेचरं हाकणारे, स्वयंपाक करणारे किती, हे फलक सांगत नाही. परत आलेले कसे परत आले, हेही नाही. त्याच गावाबाहेर एखादा वीरगळ असतो, बहुतेक वेळा अक्षर नसलेला, शेंदूर लावलेला. त्याच्याही नायकाचं नाव गेलं आहे, पण गाव निदान त्याला हात जोडतं. फलकावर मात्र कधी नोटीस चिकटवलेली असते, कधी चुना फासलेला.

सोलापुरात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या घरी स्मारक आहे. चीन-जपान युद्धात जखमींवर उपचार करता करता ते १९४२ मध्ये चीनमध्येच वारले. त्यांच्यासोबत १९३८ मध्ये गेलेले डॉक्टर एकूण पाच होते. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तिथे गेले आणि राहिले, वारले, त्यांच्यावर सिनेमा निघाला. चोळकर परत आले. आपण परत आलेल्यांची स्मारकं कमी बांधतो. का, हा शोधनिबंधाचा विषय होऊ शकतो.

कामाची यादी

कुठल्याही स्मारकासमोर उभं राहिलात की वहीत हे पाच प्रश्न लिहा :

१. मजकूर : शब्दशः काय लिहिलंय? सारांश नको. 'लढणारे' आणि 'जवान' यांत फरक आहे.
२. दोन तारखा : घटना कधीची, स्मारक कधीचं? मधल्या काळात काय घडलं?
३. उभारणारे : सरकार, सैन्य, गाव की एखादं कुटुंब? पैसे कुणी दिले?
४. न मोजलेले : या आकड्यात कोण बसत नाही? मूल, बाई, हमाल, शत्रूचा जखमी, परत आलेला?
५. जोडीचं ठिकाण : याच काळातली, याच भागातली, पण उलट निकालाची घटना कुठली? ती सापडेपर्यंत निष्कर्ष लिहू नका.

पाचवा प्रश्न सगळ्यात जास्त वेळ खातो आणि बहुतेक प्रबंधांत तोच नसतो. मार्गदर्शक विचारत नाहीत म्हणून सोडू नका. आँगोविल एकटं वाचलं तर दिलासा मिळतो, ग्रेन्य एकटं वाचलं तर राग येतो. दोन्ही शेजारी ठेवली की प्रश्न मिळतो, आणि प्रबंध प्रश्नावर उभा राहतो.

पुढच्या सुट्टीत गावी गेलात तर फलक शोधा. ओल्या फडक्याने हलकेच पुसा. ऍसिड, वाळू, तारेचा ब्रश अजिबात नको, संगमरवर चुन्याचा असतो आणि ऍसिडने अक्षरं झिजतात. फोटो तिरप्या उजेडात, सकाळी किंवा संध्याकाळी काढा, कोरीव अक्षरं नीट उठतात. मग गावातल्या सगळ्यात जुन्या घरात जा आणि फलकावरच्या आकड्यातलं एक तरी नाव मिळतंय का विचारा. एक मिळालं तरी वहीत तारखेसह, सांगणाऱ्याच्या परवानगीने लिहून ठेवा. शंभर वर्षं आकडा म्हणून राहिलेल्या एका माणसाला तुमच्या वहीत नाव मिळालेलं असेल.